मेणाची साक्ष : मादाम तुसाँच्या तळघरातली मस्तके

लंडनच्या बेकर स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडून मॅरिलबोन रोडला लागले, की हिरव्या घुमटाची एक इमारत दिसते आणि तिच्यासमोर रांग. आत शिरलेला माणूस बहुधा एकच गोष्ट करतो. ओळखीचा चेहरा शोधतो, त्याच्या खांद्यावर हात टाकतो आणि फोन उंच धरतो. बहुतेक पुतळ्यांभोवती ना दोर, ना काच. मेणाच्या अमिताभ बच्चनला खेटून उभे राहता येते. खऱ्या अमिताभच्या बाबतीत ते साधणे अवघड.

याच संग्रहालयाच्या तळघरात मात्र प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांनी वेगळेच काही पाहिले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत आणि क्रांतीचा नेता रोबेस्पिएर यांची धडावेगळी मस्तके. सोबत सांगितली जाणारी कथा अशी, की ही मस्तके कुणा कारागिराने कल्पनेने घडवलेली नाहीत. गिलोटिनच्या पात्याखालून नुकतीच निघालेली खरी मस्तके एका तरुण स्त्रीने मांडीवर घेतली आणि त्यांवरून साचे काढले. ती स्त्री म्हणजे मारी तुसाँ, या संग्रहालयाची संस्थापक.

ही कथा कितपत खरी, आणि ती सांगण्याची गरज कुणाला व का पडली, याचा माग या धाग्यात घ्यायचा आहे. विषय मेणाचा असला, तरी प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाचा आहे : साक्षीदाराचे पोटच त्याच्या साक्षीवर चालत असेल, तर त्या साक्षीचे काय करायचे?

प्रारंभी थोडी पार्श्वभूमी. माणसाचा चेहरा मेणात धरून ठेवण्याची कल्पना मारीची नव्हे, ती फार जुनी आहे. प्राचीन रोममधल्या प्रतिष्ठित घराण्यांत पूर्वजांचे मुखवटे दिवाणखान्यात लाकडी देव्हाऱ्यांत जपून ठेवत. घरात कुणी मोठा माणूस मेला, की त्या त्या पूर्वजाच्या अंगकाठीची माणसे निवडून त्यांना ते मुखवटे व अधिकाराची वस्त्रे घालत आणि अंत्ययात्रेत मिरवत. म्हणजे मृताला पोचवायला त्याचे खापरपणजोबाही चालत येत. पॉलिबियस या इतिहासकाराने याचे सविस्तर वर्णन केले आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतही राजेराण्यांच्या प्रतिमा जपलेल्या आहेत, त्यांत दुसऱ्या चार्ल्सची मेणाची आहे. पुढे या परंपरेत व्यवहार शिरला. ट्रफाल्गारच्या लढाईत पडलेल्या नेल्सनला १८०६ मध्ये सेंट पॉल्समध्ये पुरले, तेव्हा दर्शनाला येणारी गर्दी तिकडे वळली. ॲबीने लगेच कॅथरिन अँड्रास या शिल्पकर्तीकडून नेल्सनचा मेणाचा पुतळा करवून घेतला आणि आपल्याकडे उभा केला. देह नसेना, चेहरा तरी आपल्याकडे असावा.

आपल्याकडे मेणाचे काम याच्या अगदी उलट होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात धातूची मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण वितळवून काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मेणाला संस्कृतात मधूच्छिष्ट म्हणतात, मधाचे उष्टे. ते मूर्तीला आकार देते आणि निघून जाते. युरोपातल्या या मंडळींनी मात्र मेणालाच मूर्ती मानले.

आता मूळ कथेकडे वळू. मारी ग्रोशोल्त्झचा जन्म १७६१ मध्ये स्ट्रासबर्गचा. तिच्या आठवणींनुसार, सैनिक असलेला तिचा बाप तिच्या जन्माआधीच मरण पावला होता. आई स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फिलिप कुर्तियस नावाच्या डॉक्टरच्या घरी घरकाम पाहू लागली. हा कुर्तियस शरीररचना शिकवण्यासाठी मेणाचे अवयव घडवायचा. अवयवांपेक्षा चेहऱ्यांना मागणी जास्त आहे हे त्याच्या लवकरच ध्यानी आले असावे, कारण त्याने वैद्यकी सोडली आणि पॅरिस गाठले. मारी आणि तिची आईही मागोमाग तिथे गेल्या. मारी त्याला काका म्हणे. हुनर तिने त्याच्याच हाताखाली उचलला.

तो हुनर असा. ज्याची प्रतिमा करायची त्याच्या चेहऱ्याला तेल चोपडायचे, भुवयांना व पापण्यांना जरा जास्तच. नाकपुड्यांत पिसाच्या पोकळ नळ्या बसवायच्या, म्हणजे श्वास चालू राहतो. मग ओल्या प्लास्टरचा थर. प्लास्टर घट्ट होताना गरम होते आणि चेहऱ्याची कातडी धरून ठेवल्यासारखी वाटते. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही. मेलेल्या माणसाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. निघालेल्या साच्यात रंग मिसळलेले मेण ओतायचे, थंड झाले की काचेचे डोळे बसवायचे आणि तापल्या सुईने एकेक केस रोवायचा. कातडीवरचा खळगा न्‌ खळगा उमटतो. संगमरवर चेहरा देतो, पण मेण त्वचा देते, कारण उजेड त्यात किंचित आत शिरतो आणि मग परततो. फोटोग्राफी जन्मायची होती, त्या काळात सामान्य पॅरिसकराला राजाचा चेहरा ठाऊक असे तो नाण्यावरचा नाही तर छापील चित्रातला. कुर्तियसच्या दालनात त्याला राजकुटुंब जेवायला बसलेले दिसे आणि तेही हाताच्या अंतरावर.

संग्रहालयाच्या परंपरेनुसार मारीची पहिली स्वतंत्र प्रतिमा व्हॉल्तेरची आणि तिचे साल १७७७. इथेच अभ्यासकाने पहिल्यांदा थबकावे. व्हॉल्तेर कितीतरी वर्षे पॅरिसबाहेर होता. तो परतला फेब्रुवारी १७७८ मध्ये आणि त्याच वर्षी ३० मे रोजी तिथेच वारला. प्रतिमा खरोखर त्याला समोर बसवून केली असेल, तर ती या चार महिन्यांतलीच असायला हवी. चूक एका वर्षाची आहे, क्षुल्लकच. पण ज्या दुकानात ‘प्रत्यक्ष देहावरून घेतलेले’ हाच मालाचा गुण, तिथे तारखा सैल असणे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कुर्तियसचे एक दालन पाले रोयालमध्ये, दुसरे बुलेव्हार द्यू तांप्लवर. पहिल्यात प्रतिष्ठित लोक, दुसऱ्यात नामांकित चोर आणि खुनी. पुढे लंडनमध्ये गाजलेल्या दोन मजल्यांची ही रूपरेषा पॅरिसमध्येच तयार झाली होती.

मग १७८९ उजाडले. ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकर याला बडतर्फ केले. १२ तारखेला, रविवारी, ही बातमी पॅरिसमध्ये फुटली. संतापलेला जमाव कुर्तियसच्या दालनावर आला आणि त्याने नेकरची व ओर्लेआंच्या ड्यूकची मेणाची मस्तके मागितली. कुर्तियसने ती दिली. काळ्या वस्त्रात गुंडाळलेली ती मस्तके हातांवर धरून लोकांनी शहरातून मिरवणूक काढली, जणू दोघांची प्रेतयात्राच. वाटेत राजाच्या घोडदळाशी चकमक झाली, रक्त सांडले. मेणाच्या मस्तकांनाही त्या झटापटीचा फटका बसला. दोनच दिवसांनी बास्तीय पडले.

या प्रसंगाला अनेक स्वतंत्र पुरावे आहेत आणि तो विलक्षण आहे. क्रांतीत खरी मस्तके भाल्यांवर चढण्याच्या दोन दिवस आधी मेणाची मस्तके रस्त्यावर आली होती. कुर्तियसने पुढच्याच वर्षी पुस्तिका छापून स्वतःची कामगिरी जाहीर केली. तो राष्ट्रीय रक्षकदलात होता, जाकोबँ क्लबचा सदस्य होता आणि ‘बास्तीयचा विजेता’ ही पदवी मिरवत होता. त्याच्या दालनातले राजकुटुंबाचे जेवण पुढे हलले आणि क्रांतीचे नेते तिथे आले. काल गौरवलेला नेता आज गद्दार ठरला, की त्याची प्रतिमाही जागा बदलायची. कुर्तियस हा रोज नवा अंक काढणारा संपादक होता, फक्त त्याचा कागद मेणाचा होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता मस्तकांची कथा पाहू.

तिचा मुख्य आधार म्हणजे मारीच्या आठवणी. त्या फ्रान्स्वा एर्वे याने शब्दबद्ध केल्या आणि १८३८ मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. तेव्हा मारी ७६ वर्षांची होती. घटनांना ४५ वर्षे उलटून गेली होती, आणि त्यांपैकी ३५हून अधिक वर्षे ती हीच कहाणी तिकीट लावून दाखवत आली होती. पुस्तकात आणि तिच्याभोवती वाढलेल्या परंपरेत तीन मोठे दावे आहेत. क्रांतीपूर्वी ती व्हर्सायच्या राजवाड्यात राजाची बहीण मादाम एलिझाबेथ हिला मेणकाम शिकवत होती. दहशतीच्या काळात तिला अटक झाली, गिलोटिनसाठी तिचे केसही कापले गेले आणि त्याच कोठडीत पुढे नेपोलियनची पत्नी झालेली जोसेफिन होती. आणि क्रांतिकारकांनी सक्ती करून तिच्याकडून मारल्या गेलेल्यांच्या मस्तकांचे साचे काढून घेतले.

व्हर्सायच्या दरबारी कागदपत्रांत मोलकरणीपासून शिक्षकांपर्यंत नोकरांच्या याद्या आहेत. त्यांत मारीचे नाव नाही. तुरुंगवासालाही तिच्या शब्दांपलीकडे आधार नाही.

मस्तकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सगळी एका तागडीत तोलता येत नाहीत. सोळाव्या लुईचे उदाहरण घेऊ. २१ जानेवारी १७९३ रोजी सकाळी हजारो सैनिकांच्या कड्यात त्याचा शिरच्छेद झाला. देह थेट मादलेनच्या दफनभूमीत नेला गेला आणि चुनकळीच्या थरांत पुरला गेला. राजाच्या देहाचा एखादा केसही अवशेष म्हणून पुजला जाऊ नये, ही सरकारची मुख्य काळजी होती. अशा बंदोबस्तात तेल, प्लास्टर आणि तासभर निवांत वेळ कुणाला मिळाला असेल, हे पटवून घेणे जड जाते. ज्या सरकारला राजाचा मागमूस नको होता, ते त्याच्या चेहऱ्याचा साचा कशाला काढून ठेवील, हाही प्रश्न उरतोच.

मारा याचे प्रकरण उलटे आहे. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्देने त्याला स्नानाच्या टबात भोसकले. तो क्रांतीचा हुतात्मा ठरला. त्याची प्रतिमा पसरावी अशी सरकारचीच इच्छा होती, दाव्हिदसारखा चित्रकार त्या कामाला लागला होता आणि कुर्तियस विश्वासातला माणूस होता. इथे साचा काढण्याची संधी होती, कारण होते आणि गिऱ्हाईकही होते. जुलैच्या उन्हाळ्यात देह झपाट्याने बिघडू लागला होता, ती घाई तेवढी होती. टबातल्या माराचा देखावा प्रत्यक्ष देहावरून केला असणे अगदी संभवनीय आहे. फक्त त्यात सक्ती कुठे दिसत नाही.

रोबेस्पिएरची गोष्ट तर अलीकडेच पुन्हा रंगली. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी मारीच्या नावावर असलेल्या मृत्यूमुखवट्यावरून संगणकाच्या साहाय्याने त्याचा चेहरा ‘पुन्हा उभा’ केला, आणि समकालीनांनी नोंदवलेल्या तक्रारींवरून त्याला कोणता आजार असावा याचे निदानही ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. चित्र जगभर फिरले. क्रांतीच्या इतिहासकारांनी लगेच आक्षेप घेतला : मुखवटा रोबेस्पिएरचाच, हे आधी सिद्ध कुणी केले? रोबेस्पिएरच्या अखेरच्या रात्री पिस्तुलाच्या गोळीने त्याचा जबडा फुटला होता. तो पट्टीने बांधून ठेवला होता आणि २८ जुलै १७९४ रोजी गिलोटिनवर ती पट्टी ओढून काढताना त्याने फोडलेली किंकाळी जमावाने ऐकली. त्या मस्तकावरून कुणी साचा काढला असता, तर त्यात सगळ्यात आधी तो जबडा दिसायला हवा. संगणकाने उभा केलेला चेहरा मात्र धडधाकट जबड्याचा होता. आधुनिक यंत्रे, नावाजलेले नियतकालिक, आणि पायाशी एका प्रदर्शनाच्या मालकिणीचा शब्द.

म्हणजे मारी खोटारडी होती का? इतका सरळ निवाडा करण्याची गरज नाही. कुर्तियसची कार्यशाळा त्या काळात चालू होती, मारी तिथे काम करत होती, मृतांच्या प्रतिमा तिथे घडत होत्या. काही साचे खऱ्या चेहऱ्यांवरून आले असतील. ज्याबद्दल शंका घ्यायला हवी ती गोष्ट निराळी आहे : सक्ती, अश्रू आणि राजघराण्याशी जवळीक. त्यांचा उलगडा पॅरिसमध्ये होत नाही. त्यासाठी इंग्लिश खाडी ओलांडावी लागते.

कुर्तियस १७९४ च्या सप्टेंबरात वारला. संग्रह मारीच्या नावे झाला. पुढच्या वर्षी तिने फ्रान्स्वा तुसाँ नावाच्या अभियंत्याशी लग्न केले. धंदा खालावलेला, नवऱ्याचा फारसा आधार नाही. १८०२ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये तह होऊन वाट मोकळी झाली, तेव्हा चार वर्षांच्या थोरल्या मुलाला घेऊन ती लंडनला निघाली. धाकटा दोन वर्षांचा मुलगा नवऱ्यापाशी आणि आईपाशी राहिला. सोबत मेणाची मस्तके, साचे आणि एक करार. लायसियम नाट्यगृहात भुताखेतांचे छायाखेळ करणाऱ्या फिलिदोर नावाच्या माणसाशी तिने भागीदारी केली होती आणि तिच्या नफ्याचा अर्धा वाटा तो घेणार होता. इंग्रजी तिला येत नव्हती. वर्षभरातच पुन्हा युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. नवऱ्याची गाठ तिच्या आयुष्यात पुन्हा पडली नाही. धाकटा मुलगा तिला येऊन मिळाला तेव्हा तो विशी ओलांडलेला तरुण होता.

आता त्या वेळचे इंग्लंड डोळ्यांसमोर आणावे. फ्रान्समधून पळून आलेले सरदार आणि धर्मगुरू गल्लोगल्ली. राजाचा शिरच्छेद करणाऱ्या क्रांतीबद्दल दहशत, शिरच्छेद झालेल्या राणीबद्दल उमाळा. अशा देशात एक एकटी फ्रेंच बाई राजा-राणीची मस्तके घेऊन गावोगाव फिरते. तिला पहिलाच प्रश्न कोणता विचारला जाईल? ही तुझ्याकडे कशी आली?

खरे उत्तर साधारण असे झाले असते : आमचे काका जाकोबँ होते, बास्तीयचे विजेते होते, आणि क्रांती हा आमच्या दालनाचा धंदा होता. हे उत्तर देऊन तिला एडिंबरोत एक तिकीटही विकता आले नसते. त्याऐवजी जे उत्तर तयार झाले त्यात प्रत्येक शंकेची सोय आहे. राजघराण्याचे चेहरे कसे ठाऊक? मी राजवाड्यात राहत होते. क्रांतिकारकांशी संबंध कसा? त्यांनी तर मलाच तुरुंगात टाकले होते. मस्तके का घडवली? जिवाच्या भीतीने, रडत. १७९० मध्ये काकाने स्वतःला क्रांतीचा वीर म्हणून छापले होते आणि १८३८ मध्ये पुतणीने स्वतःला क्रांतीची बळी म्हणून छापले. साचे दोघांचेही तेच. मेण पुन्हा वितळवता येते, याचा या कुटुंबाने पुरेपूर उपयोग केला.

यात मारीबद्दल तुच्छता वाटायचे कारण नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, लेकराला कडेवर घेऊन तिने तीन दशकांहून अधिक काळ इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधली गावे पालथी घातली. त्यात कथा हे तिचे सगळ्यात हलके सामान होते.

आणि धंद्याची तिची जाण पक्की होती. एडिंबरोत विल्यम बर्कने साथीदाराबरोबर १६ खून करून प्रेते शरीररचनेच्या वर्गाला विकली. २८ जानेवारी १८२९ रोजी त्याला फाशी झाली आणि काही आठवड्यांतच तो मारीच्या प्रदर्शनात उभा होता. १८३५ मध्ये तिने बेकर स्ट्रीटवर कायमचा मुक्काम केला. प्रवेश एक शिलिंग. खुनी आणि गिलोटिनची मस्तके वेगळ्या खोलीत, त्यासाठी सहा पेन्स वरकड. या खोलीला ‘भयदालन’ हे नाव दिले ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने, थट्टेने. थट्टाच पुढे पाटी झाली. वृद्ध मारी दाराशी बसून स्वतः पैसे घेत असे.

तिच्या मुलांनी आणखी एक गोष्ट ओळखली. मेणाच्या शेजारी खरी वस्तू ठेवली, की मेणही खरे वाटू लागते. वॉटर्लूच्या लढाईनंतर हाती लागलेली नेपोलियनची घोडागाडी १८४२ मध्ये संग्रहात आली. पॅरिसच्या सांसों घराण्यातल्या, म्हणजे पिढीजात जल्लादांच्या, शेवटच्या वारसाने कर्जापायी गिलोटिनच गहाण टाकले होते. त्याच्याकडून तुसाँ बंधूंनी पाते विकत घेतले. खऱ्या पात्याखाली ठेवलेल्या मस्तकाकडे पुरावा मागण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टन नेपोलियनच्या मेणाच्या प्रतिमेपाशी येऊन उभा राहायचा. तो प्रसंग जॉर्ज हेटर या चित्रकाराने रंगवलाही. वॉटर्लूला ज्याला हरवले त्याला त्याने जिवंतपणी समोरासमोर कधी पाहिलेच नव्हते. त्या चेहऱ्याची ओळख त्यालाही मेणाकडूनच करून घ्यावी लागली.

फोटो आला, सिनेमा आला, तेव्हा हा सगळा खटाटोप संपायला हवा होता. संपला नाही, रोख मात्र बदलला. पूर्वी लोक चेहरा कसा आहे हे पाहायला येत, आता तो हुबेहूब जमला आहे की नाही हे पाहायला येऊ लागले. १८८४ मध्ये मारीच्या नातवाने संग्रह मॅरिलबोन रोडवर आणला. काही वर्षांतच मालकी कुटुंबाबाहेर गेली. १८ मार्च १९२५ च्या रात्री इमारतीला आग लागली, पुतळे वितळून गेले, नेपोलियनची गाडी जळाली. पण बरेच साचे वाचले होते आणि १९२८ मध्ये दारे पुन्हा उघडली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात मस्तकांचे ३५२ साचे नष्ट झाले.

कुणाला जागा द्यायची हा प्रश्न मात्र राजकीयच राहिला. हिटलर १९३३ मध्येच लंडनच्या दालनात आला आणि लवकरच त्याच्यावर लाल रंग फेकला गेला. २००८ मध्ये बर्लिनची शाखा उघडली, त्या पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाने त्याचे मस्तक उपटून काढले. मेण आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी हात शिवशिवतात. १७८९ च्या त्या रविवारचा पॅरिसचा जमाव काही फार दूर गेलेला नाही.

भारतीयांपैकी महात्मा गांधी लंडनमध्ये पूर्वीच उभे होते. २००० मध्ये अमिताभ बच्चन आले, त्या दालनात आलेले पहिले भारतीय चित्रपट अभिनेते. २००९ मध्ये सचिन तेंडुलकर, २०१२ मध्ये माधुरी दीक्षित. मराठी घरांत तेव्हा या बातम्या एखाद्या पदवीदानासारख्या वाचल्या गेल्या. २०१७ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या रीगल चित्रपटगृहाच्या जुन्या इमारतीत शाखा उघडली, २०२० मध्ये महासाथीच्या काळात बंद पडली आणि २०२२ मध्ये नोएडातल्या एका मॉलमध्ये पुन्हा सुरू झाली.

दिल्लीच्या त्या दालनात मधुबाला होती. तिची गोष्ट या धाग्याला धरून आहे. सचिन किंवा माधुरी यांच्यासारख्या जिवंत व्यक्तीसाठी कारागीर शेकडो मापे घेतात, बुबुळांचा रंग जुळवतात, केस एकेक करून रोवतात. मेण थंड होताना आकसते म्हणून मस्तक किंचित मोठेच घडवतात. धड हल्ली फायबरग्लासचे असते, मेण फक्त चेहऱ्याला आणि हातांना. मधुबाला १९६९ मध्येच गेली. तिची मापे घ्यायला कुणी उरले नव्हते, म्हणून छायाचित्रे आणि चित्रपट हाच आधार. म्हणजे प्रतिमेवरून प्रतिमा. ती करताना कुणी मांडीवरच्या मस्तकाची कथा रचली नाही, तशी गरजही नव्हती. छायाचित्र समोर ठेवून कुणीही पडताळून पाहू शकतो. १७९३ चा लुई ज्यांनी १८३८ मध्ये पाहिला, त्यांच्यापाशी पडताळायला मारीशिवाय कुणीच नव्हते.

१६ एप्रिल १८५० रोजी मारी वारली, वयाच्या ८८ व्या वर्षी. त्याआधी आठ वर्षे तिने एक प्रतिमा घडवली होती, तिची स्वतःची. ठेंगणी म्हातारी, डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा. संग्रहालयात राजे बदलले, नट बदलले, खुनी बदलले, मारीची प्रतिमा मात्र राहिली. प्रेक्षक बहुधा तिच्यावरून एक नजर टाकून पुढच्या फोटोसाठी सरकतात. त्या एका प्रतिमेपुढे उभे राहून हे मस्तक कुठून मिळवले, असे तिला कुणी विचारत नाही.